मैलोबाची पुढची सीट

माझा थोरला भाऊ बॉयलर तपासायचा. कागदाच्या कारखान्यांचे, डेअऱ्यांचे, मोठ्या हॉस्पिटलांच्या धुलाईखान्यांचे. नोकरी विमा कंपनीत. बॉयलर फुटला तर भुर्दंड कंपनीला, म्हणून तो फुटायच्या आत दादा तिथं पोचायचा, आत वाकून टॉर्च मारायचा, हातोडीनं पत्रा ठोकून आवाज ऐकायचा आणि सही करून पुढच्या गावाला निघायचा. गावं लांबलांबची, त्यामुळं प्रवास विमानाचा. तिकीट कंपनीच्या खर्चानं आणि नेहमी शेवटच्या रांगांतलं. दादा उंच, गुडघे पुढच्या पाठीला टेकायचे, आणि कोपराशी संडासाचं दार उघडझाप करायचं.

पण त्या तिकिटांवर विमान कंपनी एक आमिष दाखवायची. जितकं उडाल तितके मैल तुमच्या नावावर जमा. पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात एक तिकीट फुकट. बाकीचे लोक ते मैल इकडंतिकडं जाण्यात उडवून मोकळे होत. दादानं एक मैल उडवला नाही. त्याला हवा होता लांब पल्ल्याचा बिझनेस क्लास.

"बटण दाबलं की सीटचा पलंग होतो," घरी कुणी आलं की तो सुरू व्हायचा. "माणूस सरळ आडवा. उशी, रजई, चिनीमातीच्या बशीत जेवण. उतरताना अंगावर एक सुरकुती नाही."

स्वतः तो त्या पलंगावर कधी टेकलाही नव्हता. मागं जाताना त्या जागांमधून वाट असते, तेवढंच त्याचं दर्शन. पण सांगायचा असा, की जणू तिथंच लहानाचा मोठा झालाय. इमारतीतल्या लोकांनी त्याचं नाव मैलोबा ठेवलं. माझी वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "किती वर्षं घासतेय, पण ह्यांचा मैल काही निघत नाही."

वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं कामाला होती. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, डोळे मिटून बसवायचं, पाळी आली की हाताला धरून आत न्यायचं. दिवसभर उभ्यानं काम. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या आणि दोरीसारख्या फुगलेल्या. लेक झाली तेव्हा दादा कुठल्याशा कागद कारखान्याच्या बॉयलरमध्ये होता. लेक चालायला लागली, शाळेत गेली, तापानं फणफणली, तेव्हाही तो कुठल्या ना कुठल्या बॉयलरमध्येच होता. वहिनीनं तक्रार केली की त्याचं एकच उत्तर, "साठवतोय ना तुझ्यासाठीच! पहिल्यांदा विमानात बसशील, ती झोपून जाशील."

"झोपून काय, एक दिवस सगळेच जातात," वहिनी म्हणायची.

लेक शिकायला परदेशी गेली, तिथंच नोकरीला लागली, तिथंच तिनं लग्न ठरवलं. वहिनीनं कपाटातले ठेवणीतले कपडे काढून हवेवर टाकले. दादा कॉम्प्युटरसमोर बसला. अडचण अशी, की मैलांवर द्यायच्या बिझनेसच्या जागा विमान कंपनी चिमूटभरच ठेवते. एका दिवशी एक मिळे, पण दुसरी मिळेना.

"अहो, मागच्या सीटवरून जाऊ," वहिनी म्हणाली. "पोचल्याशी मतलब."

"मागच्या सीटसाठी मैल घालवू? सोनं देऊन भंगार घेण्यातला प्रकार तो!"

"मग तिकीट विकत काढा."

"फुकट मिळत असताना विकत? डोकं ठिकाणावर आहे का?"

जागा सुटल्या नाहीत. लग्न आम्ही स्वयंपाकघरात पाहिलं, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर. वहिनी ठेवणीतले कपडे घालून स्टुलावर बसली होती. ऐन वेळी लेकीचा चेहरा पडद्यावर गोठला, आणि तो परत हलला तोवर लग्न लागून गेलं होतं. वहिनीनं तरीही टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "बघ, घरबसल्या झालं की नाही सगळं?"

पहिली नात झाली तेव्हाही हीच गत. जागा एक होती, दुसरी नव्हती, दादा थांब म्हणाला आणि वहिनी थांबली.

मग एका सकाळी विमान कंपनीनं भाव बदलले. आधी सांगितलं नाही, विचारलं नाही. काल ज्या मैलांत दोन माणसं पलंगावर झोपून गेली असती, त्यात आज एकच मावत होतं. दादा दिवसभर त्यांच्या हेल्पलाइनवर ओरडत होता आणि पलीकडची बाई दर वेळी "आपण आमचे मौल्यवान सदस्य आहात" म्हणत होती. संध्याकाळी तो जेवला नाही. आमची आई गेली त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून बिस्किटं खाणारा हा माणूस. मी पाहिलंय ते. मैलांसाठी मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर तो रिटायर झाला. म्हणजे नवे मैल यायचे बंद.

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि त्रास सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. तिनं आईला फोन केला. "तू ये. बाबा नाही आले तरी चालेल." फोन स्पीकरवर होता आणि दादा समोरच बसला होता. लेकीला ते ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

"मी एकटी जाते," वहिनी म्हणाली.

"एकटी? बोर्डिंग पासची कुठली बाजू वर धरायची ते तरी माहितेय का? मी बघतो."

आठवडाभरानं त्यानं जाहीर केलं, "झालं बुकिंग. एक बिझनेस, एक साधं. साधं विकत घेतलं."

पुढची जागा कुणाची, हे कुणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो सगळे. माझ्या बायकोनं वहिनीसाठी नवा मऊ गाऊन आणला. "ताई, पलंगावर झोपायचं तर नीट कपडे बदलून झोपा. तिथं काय रोज जाणार आहात?" वहिनी लाजली, पण गाऊन तिनं हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या पायांकडं बघून बजावलं होतं, "प्रवासात अधूनमधून उठून चालायचं. एका जागी बसून राहायचं नाही." ती म्हणाली, "बसते कशाला? मला झोपायची सीट आहे."

विमानतळावर मीच त्यांना सोडलं. एका बाजूला लांबलचक रांग, दुसऱ्या बाजूला गालिचा अंथरलेली छोटी रांग. दादा गालिच्यावरून चालायला लागला. वहिनी त्याच्यामागून निघाली. काउंटरवरच्या मुलीनं दोघांची तिकिटं पाहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची रांग ती तिकडची."

वहिनीला वाटलं, मुलगी चुकली. तिनं दादाकडं बघितलं. "अहो, या काय म्हणताहेत?"

"बरोबर म्हणताहेत," दादा म्हणाला. "तुझी सीट मागं आहे. मैल माझ्या नावावरचे, मग सीट माझ्याच नावावर येणार ना?"

मी मध्ये बोललो. "दादा, मैल घरातल्या कुणासाठीही वापरता येतात. तूच सांगायचास."

तो माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, वैताग होता. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर कुणी हात टाकला की येतो तसा. "तीस-बत्तीस वर्षं संडासाच्या दारात मी बसलो. ही बसली होती का? आणि हिचा पहिलाच प्रवास. हिला मागचं काय नि पुढचं काय, सगळं सारखंच नवं. फरक काय कळणार आहे?"

गालिच्यावरचे दोघंतिघं बघायला लागले.

"राहू द्या भावोजी," वहिनी मला म्हणाली. "लोक बघताहेत." तिनं पर्स उघडली आणि दादाच्या गोळ्यांची डबी काढून त्याच्या हातात दिली. "जेवणानंतरच्या आहेत. विसराल." मग ट्रॉली वळवून ती लांब रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

विमानात काय झालं ते वहिनीनं पुढं मला सांगितलं. तिची जागा मधल्या रांगेच्या मधोमध होती. दोन्ही बाजूंना दोन आडदांड माणसं, दिवा मालवताच घोरायला लागलेली. त्यांना उठवायचा तिला धीर होईना. पाय ठणकायला लागले तेव्हा कशीबशी एकाला ओलांडून ती बाहेर आली आणि चालत पुढच्या पडद्यापर्यंत गेली. हवाई सुंदरीनं हात आडवा केला.

"पुढं जाता येणार नाही."

"माझे मिस्टर आहेत आत. नुसतं बघून येते."

मुलगी आत जाऊन आली. "ते झोपलेत." मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "छान गाढ झोपलेत."

वहिनी परत आली. त्या माणसाला पुन्हा ओलांडलं. नंतर उठली नाही. पुष्कळ वेळानं तीच मुलगी एक छोटी पिशवी घेऊन आली. "सरांनी पाठवलीय." आत दात घासायचा ब्रश, क्रीमची बोटभर ट्यूब आणि पायमोज्यांचा जोड. वहिनीनं मोजे घालून बघितले. ते सुजलेल्या पायांवर चढेनात. गाऊन डोक्यावरच्या कप्प्यात, बॅगेत घडी न मोडता तसाच राहिला.

दादा विमानातच दाढी करून, तुकतुकीत होऊन उतरला. न्यायला आलेल्या जावयाला गाडीत त्यानं सुपापासून रजईपर्यंत सगळं वर्णन ऐकवलं. वहिनी मागच्या सीटवर डावा पाय हातानं उचलून धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. हॉस्पिटलात सांगितलं, पायात रक्ताची गाठ झाली होती, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेलाय.

आता घरातल्या दोन्ही बायका आडव्या. जिची सेवा करायची ती एका पलंगावर, आणि जी सेवा करायला आली ती हॉस्पिटलातल्या दुसऱ्या. लेकीला उठायची बंदी, त्यामुळं चार गल्ल्यांवर असलेल्या आईला ती भेटू शकत नव्हती. तिनं पडल्या पडल्याच बापाला समोर बोलावलं.

"आई कुठल्या सीटवर होती?"

दादानं सांगितलं. लपवलं नाही. लपवण्यासारखं त्याला त्यात काही दिसलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही परत जा."

"माझं परतीचं दोन महिन्यांनंतर आहे. बिझनेस. आता बदलायला गेलं तर सीट मिळायची नाही."

"मिळेल," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं. दादा मैल कसे वाया जातील ते समजावून सांगत होता, तोवर जावयानं त्याचं तिकीट काढलं. उद्याचं, शेवटच्या रांगेतलं.

दादा हॉस्पिटलात गेला. वहिनीच्या नाकात नळी होती. "तू सांग ना तिला," तो म्हणाला. "तुझं ऐकेल ती. तू जरा मध्ये पड."

वहिनीनं नळी किंचित बाजूला केली. "मला उठता येत नाही. मी मध्ये कुठं पडू?" म्हणाली, आणि नळी परत लावली.

तो एकटा परत आला. नातू वेळेआधी झाला, पण धडधाकट झाला. वहिनी बरी झाली, म्हणजे काठी घेऊन चालायला लागली. पाळणा हलवण्याएवढी, बाटल्या उकळण्याएवढी, मोठीला भरवण्याएवढी बरी. तिला वाटलं, आता इथंच राहावं. लेकीनं शपथेवर सांगितलं होतं, "आई, आता तुला त्या माणसाकडं पाठवणार नाही."

सात-आठ महिन्यांनी जावयाची आई यायची ठरली. जादाची खोली एकच. लेक चहाचा कप घेऊन आईशेजारी बसली.

"आई, तुला आता बरं वाटतंय ना?"

त्या "ना"तच सगळं आलं. वहिनी म्हणाली, "हो गं, अगदी ठणठणीत." लेकीनं तिचं तिकीट काढलं. मागच्याच जागेचं, फक्त कडेचं, म्हणजे उठता येईल. "पुढचं काढणार होते गं, पण घराचे हप्ते..." वहिनीनं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पायात पुन्हा गाठ होऊ नये म्हणून पोटावर घ्यायचं इंजेक्शन कसं टोचायचं ते शिकून घेतलं आणि आली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या जागी दुसरी बाई ठेवली होती. उभ्यानं काम आता तिला होणारही नव्हतं. ती खिडकीशी खुर्ची टाकून बसते, डावा पाय समोरच्या स्टुलावर. दादा चहा करतो, औषधं आणतो, तक्रार करत नाही. ते दोघं त्या प्रवासावर एकमेकांशी कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

पाहुण्यांशी मात्र दादा बोलतो. परवा त्याच्या जुन्या ऑफिसातला एकजण बायकोला घेऊन आला होता. मी तिथंच होतो. दादानं सुरुवात केली. बटण, पलंग, सूप, रजई. परतीचा प्रवास त्याच्या गोष्टीत नसतो. पाहुण्याची बायको कौतुकानं ऐकत होती. ती वहिनीकडं वळली.

"आणि वहिनी, तुम्हाला झोप लागली का हो त्या पलंगावर?"

"मी मागं होते," वहिनी म्हणाली.

पाहुण्याला वाटलं, बाई विनोद करतेय. तो मोठ्यानं हसला. त्याची बायको हसली. दादाही हसला, अगदी मनापासून, आणि पुढं सांगू लागला की त्या क्लासमध्ये सकाळी गरम टॉवेल देतात.

"भावोजी," वहिनी मला हळूच म्हणाली, "पाय जड झालाय. जरा खाली उतरवून देता का?"

मी स्टूल सरकवलं आणि तिचा पाय दोन्ही हातांनी धरून जमिनीवर ठेवला.