कुलपातली चिप

दूधवाल्यानं मापाच्या वर धार सोडली, तर आज यानं पाणी किती घातलं असेल, हेच मला आधी सुचतं. स्वभावच तसा आहे.

देवपूरला एका शेठजींच्या भांड्यांच्या दुकानामागची खोली घेऊन मी आणि कॉलेजपासूनचा मित्र एक छोटा कॉम्प्युटर बनवत होतो. जळगावच्या एका व्यापाऱ्याच्या केळी पिकवायच्या खोल्या या कॉम्प्युटरनं सांभाळायच्या होत्या. सोमवारी तो जळगावला नेऊन दाखवायचा होता. सगळा खेळ एका प्रोग्रॅमेबल चिपवर. ही चिप कोऱ्या पाटीसारखी. लॅपटॉपवरून लिहू तसं सर्किट तिच्यात तयार होतं.

संध्याकाळी सगळं नीट चालायचं. सकाळी चिप कोरी! लागोपाठ तीन दिवस.

कॉलेजात वापरलेल्या जुन्या चिपा एकदा लिहिलं की विसरत नसत. म्हणजे कुणीतरी पुसत होतं. खोलीच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. त्यात तो हल्ली पारोळ्याहून पहिल्या एसटीनं माझ्याआधी यायचा, वहीत काहीबाही खरडायचा आणि मी दिसलो की वही मिटायचा. माझं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

चौथ्या दिवशी तो गेल्यावर मी चिप बसवलेल्या बोर्डाची विजेची वायर काढली, बोर्ड आणि त्याची वही कपाटात टाकली आणि नवं कुलूप लावलं. किल्ली खिशात.

सकाळी त्याच्यासमोरच बोर्ड जोडला. कोरा. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती, पण संशय म्हणून कमी झाला नाही. यानं डिझाइनमध्येच काहीतरी घुसवलंय, असं मी ठरवून टाकलं.

तो म्हणाला, "भाऊ, मन्ही वही दे ना. तुले एक गोट दाखाडनी शे."

"आधी खोलीची किल्ली ठेव," मी म्हणालो. "आणि पुन्हा इथं येऊ नकोस."

तो टेबलावर किल्ली ठेवून निघून गेला.

पुरावा सापडेल म्हणून मी वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'शेठजी दुकान बंद करताना रोज मेन स्विच पाडतात. ही चिप वीज गेली की सगळं विसरते. बोर्डावरच्या कायमच्या मेमरीत लिहावं लागेल. पक्कं तपासून मगच भाऊला सांगणे. चिडेल. हसत हसत सांगणे.'

म्हणजे काल रात्री ती मीच पुसली होती, स्वतःच्या हातानं वायर काढून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं लिहिलं होतं तसं करून वीज बंद केली, पुन्हा चालू केली. सगळं जागच्या जागी.

दुपारच्या एसटीनं पारोळ्याला गेलो. दार त्यानंच उघडलं. चुकलो म्हणालो आणि त्याची किल्ली पुढे केली.

"घरमा ये भाऊ, चहा ली," तो म्हणाला. "सोमवारले मी येस जळगावले. चाबी मात्र तुन्हाजवळच ऱ्हाऊ दे."