कमाऊचा खुर्चीवरला साहेब

माहा लहान भाऊ लटारू ब्रह्मपुरीले इंग्रजी शिकवते. असा मास्तर अख्ख्या चांदा जिल्ह्यात नाई. छप्पन सालच्या उन्हाळ्यात नागपूरले आलेला केनियाचा कमाऊ नावाचा पोरगा त्याचं नाव आयकून त्याच्यापाशी शिकाले आला. नागपूरच्या कॉलेजात प्रोफेसरायसमोर इंग्रजीत निबंध वाचून सवालाचे जवाब दिले, तरच त्याले भरती भेटणार होती. पोरगा हुशार, पण चारचौघांत थरथर कापे.

लटारू म्हणे, "भाऊ, तुमी रोज प्रोफेसर साहेबावानी खुर्चीवर बसून त्याचा निबंध आयका."

"अबे, मले इंग्रजी कुठी येते?"

"मिशा तं हायेत ना!"

मंग सवाल लटारू विचारे, अन् मी डोळे वटारून गुरगुरत बसो.

कमाऊ पास झाला. नागपूरवरून येऊन इंग्रजीत काई बोलला. लटारूनं हासत मले समजावलं, "तो म्हणते, तुमच्यासमोर बोललो, मंग प्रोफेसरायले काय भ्यायचं!"

आता सांगा, आमच्या घरी मास्तर एक का दोन?