खालच्या कप्प्यातले चार तास

निमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण तुम्हाला आठवते ती सुट्टीत पत्ते खेळणारी निमाआजी म्हणून. गंगापूर रोडच्या आमच्या घरातून ती रोज कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला जायची. माझ्या स्वयंपाकघराला हसायची. "वहिनी, तुझ्या डब्यांनासुद्धा गणवेश आहेत!"

नाशिकच्या डिसेंबरात आमचं विरजण रुसायचं. कळवणकडच्या एका म्हातारीनं मात्र निमाला सांगितलं, "थंडीमा बी दही लागस, ताई." निमानं तिच्या मडक्यातलं थोडं ताक मागून आणलं, त्यातले जीवाणू वेगळे केले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्यामागे घालवली. गारठा हळूहळू आला, तर त्यांच्यातली काही जनुकं जागी होतात, थंडी सोसायला लागणारी प्रथिनं तयार करतात. एकदम गोठवलं, तर तेवढी सवड मिळत नाही, पुष्कळ मरतात... ती म्हातारी गेली, तिच्या घरात पिशवीतलं दही आलं. राहिल्या त्या जीवाणूंच्या निमाकडच्या सहा नळ्या.

आजारपणात तिनं त्या घरी आणवल्या. हॉस्पिटलातून फोनवर बजावलं, "चार तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग वर फ्रीझरमध्ये. विसरू नकोस." मला तिच्याकडेच निघायची घाई होती. नळ्या पुसल्या, तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या आणि थेट वर फ्रीझरमध्ये ठेवून घराला कुलूप लावलं. हॉस्पिटलात पोचले, तर खाटेवरून तिनं विचारलं, "चार तास?"

"हो गं. पूर्ण."

ती हसली. "तुझ्यावर सोपवलं की चिंता नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला.

तीन आठवडे मी फ्रीझर उघडला नाही. मग एक नळी काढून कोमट दुधात घातली. सकाळी दूध. दुपारीही दूध. संध्याकाळी दही कसंबसं लागलं, पातळ. म्हणजे काही वाचले होते. किती गेले, ते मला कसं कळणार?

निमाची विद्यार्थिनी उरलेल्या नळ्या न्यायला आली, तेव्हा निमाला सांगायचं राहिलेलं मी तिला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

"बरं झालं बोललात, आजी. नाहीतर मॅडमचं विरजणच कच्चं निघालं, असं आम्ही लिहून मोकळे झालो असतो."

तिच्यासाठी चहा करायला उठले. दूध काढायला फ्रिज उघडला आणि दार धरून तशीच उभी राहिले... अजूनही फ्रिज उघडला की राहते. मग घड्याळाकडे बघते.