पलीकडून ‘शरणू शरणार्थी’ आलं

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी एक फोन आला. तेव्हापासून अनोळखी नंबर वाजला की हात जरा थांबतो...

अव्वा, म्हणजे माझी आई, गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावाहून इकडं आलेली आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्याचं डिपॉझिट क्रेडिट कार्डवर भरायचं होतं. दुसरी सोय नव्हती, म्हणून महिनाभर कार्डाला हात लावला नव्हता.

शनिवारी मात्र मोबाईलवर वॉकरची जाहिरात दिसली. दुकानापेक्षा निम्मी किंमत... ऑपरेशननंतर लागणारच होता. नाव, मोबाईल नंबर, कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. पेमेंट फेल. पुन्हा भरलं, पुन्हा फेल. साईट कुणाची आहे हे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

रविवारी पूजेला बसलो होतो. इष्टलिंग तळहातावर असताना मी बोलत नाही, उठत नाही. फोन तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा उचलला तेव्हा कपाळावरची विभूती अजून ओली होती.

"शरणू शरणार्थी," पलीकडचा आवाज म्हणाला.

आम्हा लिंगायतांत असं कुणी म्हटलं की तो परका राहत नाही. माझ्याही तोंडून आपोआप शरणार्थी गेलं आणि मी खुर्ची ओढून निवांत बसलो... चूक तिथंच झाली.

आवाज वयस्क माणसाचा, आमच्याच भागातला. "वॉकरचं पेमेंट अडकलंय बघा, परत जमा करतो." कार्डाचे शेवटचे चार आकडे त्यानंच सांगितले. मग हलकंसं खोकून म्हणाला, "अव्वाचा गुडघा कसा हाय आता? गुरुवारी ऑपरेशन न्हवं का?"

गुरुवारचं मी त्याला काहीच बोललो नव्हतो. अंगावर काटा यायला हवा होता. पण मला उलट बरंच वाटलं... गावाकडचा दिसतोय, कुणाकडून तरी कळलं असेल.

मग तो अप्पांविषयी बोलला. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा लाल पटका, चावडीपुढच्या चिंचेखालची त्यांची बसायची जागा... गेलेल्या माणसाविषयी इतक्या मायेनं कुणी बोललं की डोळे भरून येतात. माझेही आले.

तेवढ्यात मोबाईलवर ओटीपी आला. "तेवढा आकडा सांगा पावणं, म्हंजे पैसे परत."

पहिले दोन आकडे मी सांगितले. तोच कॉटवरून अव्वा ओरडली, "कोण हाय रं? कुणाच्यातला, इचार की!"

कुठल्या घरातला, हे गावाकडं पाण्याचा तांब्या पुढं करतानाच विचारतात. मी शहरात राहून विसरलो होतो. मी विचारलं, "तुम्ही कुणाच्यातले?"

पलीकडं एकदम शांत झालं. पंखा नाही, रस्त्याचा आवाज नाही... श्वाससुद्धा नाही. मग हलकासा खोकला आला. "अव्वाचा गुडघा कसा हाय आता? गुरुवारी ऑपरेशन न्हवं का?"

तोच खोकला. तोच सूर. ‘आता’ म्हटल्यावर तसंच किंचित थांबणं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तो खोकला, पुन्हा तेच वाक्य, एका अक्षराचा फरक नाही...

मी फोन कापला. ओटीपीचा मेसेज पहिल्यांदाच पूर्ण वाचला. पैसे परत येण्याचा तो नव्हताच, कुठल्याशा दुकानाला देण्याचा होता आणि रक्कम जवळजवळ अव्वाच्या डिपॉझिटएवढी. कार्डाच्या पाठीमागं छापलेल्या नंबरवर फोन लावला आणि कार्ड बंद करून घेतलं.

पैसे वाचले. पण नवीन कार्ड येईपर्यंत डिपॉझिट भरता येईना आणि ऑपरेशन पुढं गेलं. अव्वा नुसती गुडघा चोळत बसली. ते बघणं जड गेलं.

त्या रविवारीच संध्याकाळी दाजी आले होते. माझ्या बहिणीचे मालक, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत असतात. सगळं ऐकून हसायला लागले. "पावणं, चोराला तुमच्या घराची कडी काढायला लागत न्हाय. तुम्हीच दारात उभं ऱ्हाऊन या बसा म्हणताय की! तुमची वॉल बघा जरा."

बघितली... सगळं तिथं होतं, मीच लिहिलेलं. पुण्यतिथीला अप्पांचा पटक्यातला फोटो, चिंचेखालची आठवण. अव्वाचा गुडघा आणि खाली, ‘गुरुवारी ऑपरेशन, आशीर्वाद असावेत.’

आशीर्वाद पुष्कळांनी दिले होते. त्यात एक होता, ‘शरणू शरणार्थी. अव्वा लवकर बऱ्या होवोत.’ मी त्याला हात जोडून उत्तरही दिलं होतं. त्या नावावर बोट ठेवलं. फोटो नाही, मित्र नाहीत, गाव नाही... माझ्या पोस्टआधी दोनच दिवस उघडलेलं खातं.

तो माणूस होता की मशीन, मला अजून माहीत नाही. माणूस असेल तर त्याला अप्पांविषयी बोलताना काय वाटलं असेल... आणि मशीन असेल, तर माझे डोळे कुणापुढं भरून आले?

नवीन कार्ड आलंय. त्यावरची ऑनलाईन खरेदी मी बंदच ठेवतो, लागेल तेव्हा तेवढ्यापुरती चालू करतो. वॉकर ओळखीच्या दुकानातून आणला. अव्वा त्यावर आतापासूनच नातवंडांचे कपडे वाळत घालते.

ऑपरेशनची नवी तारीखही ठरली आहे. एरवी इथं वॉलवर लिहून तुमचे आशीर्वाद मागितले असते... या वेळी फक्त देवापुढं सांगितलंय. तो कुणाला सांगत नाही.