जुन्या फोल्डरातली शब्दसूची

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या एका वाचनालयात नागनाथ बिरादार बारा कम्प्युटर सांभाळतात. मूळचे बीदरकडच्या भालकीचे. तीस वर्षांपूर्वी इथे शिपाई म्हणून लागले. कम्प्युटर आले तेव्हा दुरुस्तीवाल्यांच्या मागे उभं राहून शिकले. कुठल्या मशीनचं अपडेट राहिलंय, कुणाची डिस्क भरत आलीय, त्यांना तोंडपाठ असतं.

मार्चमध्ये ते गावी गेले असताना वाचकांच्या खोलीतलं एक मशीन बंद पडलं. बाहेरच्या माणसाने येऊन नवी विंडोज टाकली आणि जयसिंगराव मोहित्यांची फाइल दिसेनाशी झाली. हे निवृत्त शिक्षक बनशंकरीहून रोज मेट्रोने यायचे आणि बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द टाइप करायचे. चार वर्षांचं काम. ते कुणाशी भांडले नाहीत. फक्त यायचे थांबले.

आठवड्याने नागनाथ परतले. त्या मशीनवर जागेअभावी अपडेट अडकलं होतं. जुन्या विंडोजचं फोल्डर तसंच राहिलंय, ते पुसून टाका, असं ग्रंथपाल पवित्रा मॅडमनी सांगितलं. वीस जीबी जागा सहज मोकळी झाली असती. पण आत पाहिल्याशिवाय काही पुसायचं नाही, ही नागनाथांची सवय. आत 'मोहिते सर' नावाची फाइल निघाली. अडीच हजार शब्द होते. मॅडमना विचारल्यावर झाला प्रकार कळला.

फाइलची एक प्रत ऑफिसच्या मशीनवर ठेवून, दुसरी पेन ड्राइव्हवर घेऊन ते संध्याकाळी बनशंकरीला गेले. जयसिंगराव वहीत पहिल्यापासून पुन्हा लिहीत बसले होते. 'ख'पर्यंत आले होते. सून सुखदाने तिच्या लॅपटॉपवर फाइल उघडून दिली. जयसिंगराव बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिले.

"नागण्णा," ते म्हणाले, "यातले कितीतरी शब्द मला आठवतच नव्हते. आणि ज्यांनी सांगितले, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत."

नागनाथ खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"सर, स्वल्प चूक माझीपण आहे. गावी जायच्या आधी प्रत काढून ठेवायला पाहिजे होती."

मग त्यांनी सुखदाला शेजारी बसवून प्रत कशी ठेवायची ते सरांना दाखवलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं फोल्डर पुसलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अपडेट झालं. गुरुवारी जयसिंगराव वाचनालयात आले. पुन्हा लिहिताना त्यांना एकोणीस नवे शब्द आठवले होते. ते सूचीत घालायचे होते.