कच्चा टाका

हे लिहावं की नाही, ते बरेच दिवस मला ठरवता येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. शिवाय आंटी आमच्या धर्माची नव्हती, नात्यातली तर नाहीच. तिच्या मरणाबद्दल मी बोलावं एवढा माझा अधिकार नाही. म्हणून आधीच माफी मागतो. तिचं नाव लिहीत नाही. पण जे मला माहीत आहे ते एकट्याने सांभाळणं आता मला जमत नाही.

घोडपदेवला आमच्या चाळीत तळमजल्यावर तिचं शिलाई मशीन होतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तुम्ही समोर उभे राहिलात की आंटी तोंडाकडे बघायची नाही. आधी तुमची बाही चिमटीत धरून चोळायची आणि विचारायची, "सुती हाय?" नसली तर बाही सोडून द्यायची आणि मग म्हणायची, "बस. चहा घेनार?"

ही सवय तिला नंतर लागली. आधी तिचं बोलणं वेगळं होतं. आधी ती म्हणायची, "कापड फाटंल, आपली शिलाई नाय उसवनार." अर्ध्या चाळीचे शाळेचे गणवेश तिने शिवले. माझी आई तिच्याकडून ब्लाउज आणून हुक लावायची, तेव्हा टाक्यांवरून आईला रोज बोलणी बसायची. "हा टाका हाय का मुंगी चालली?" आई हसायची आणि उसवून परत लावायची.

तिचा नवरा गोदीत कामाला होता. तो गेला त्या दिवशी आंटीने रडणं बाजूला ठेवलं आणि मशीनवर बसली. निळ्या टेरिकॉटचा सूट, आत चकचकीत अस्तर, सगळीकडे दुहेरी शिलाई. "जलमभर ग्रीसच्या कपड्यात राहिला," ती म्हणाली. "आज सायबासारखा जाऊ दे." पॉलिश केलेल्या पेटीत तो खरोखर साहेब दिसत होता. सगळ्यांनी तसं म्हटलं, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

मुंबईत पुरायलाही जागा कमी. काही वर्षांनी खड्डा उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि ती माती दुसऱ्या कोणाला देतात. अंकलची पाळी आली तेव्हा आंटीची लेक वसईला, पदरात तान्हं मूल. आंटीने तिला कळवलंच नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "ए कॉलेज, सकाळी चल माझ्याबरोबर. हाडं आनायची हायत." हाडांसाठी तिने पांढरी पिशवी शिवली होती. कडेला बारीक लेससुद्धा लावली होती.

पिशवी रिकामीच परत आली. खणणाऱ्या माणसाने पेटीची कुजकी फळी बाजूला केली आणि हातातलं फावडं थांबवलं. "आंटी, अजून व्हायचंय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बघू नका." पण तिने बघितलं. मीही बघितलं. निळा सूट जसाच्या तसा होता. आतल्या माणसाची ना माती झाली होती ना हाडं. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

माती परत लोटली. बाहेर बाकावर बसून तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "माझी शिलाई उसवली नाय रे." आणि थोड्या वेळाने, "पोरीला सांगू नको. तिच्या मनात बाप झोपलाय. झोपू दे." मी हो म्हटलं.

त्यानंतर ती मला विचारायला लागली. "तुमच्या कालिजात शिकवतात काय, मानसाची माती कशी होते?" मी घाबरत घाबरत सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांना विचारलं आणि तिला येऊन सांगितलं. पोटातले जंतूच आधी काम सुरू करतात, मग मातीतले. त्यांना हवा लागते, ओल लागते. जाड पेटी, नायलॉन, टेरिकॉट, हे सगळं मध्ये येतं.

"म्हंजे आतले काम करायला तयार," ती म्हणाली, "आनि बाहेरच्यांना मीच दार लावून घेतलं."



मग तिने मांजरपाट आणला. कोरा, जाडाभरडा. त्याचा एक धागा काढून काडी लावली. तो कागदासारखा जळून राख झाला, तेव्हा तो निव्वळ सुती असल्याची तिची खात्री पटली. तिने स्वतःला शेवटी घालायचा पायघोळ झगा शिवायला घेतला. बटण नाही, चेन नाही, कापडाच्याच नाड्या. मशीनवर नाही, हाताने, सुती दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके.

आईने ते पाहिलं आणि तिच्या हातातला ब्लाउज खाली पडला. "गो बाय, तिन्हीसांजेक काय ह्यां करतस!"

"तुमचं बरं हाय. एका दिवसात राख."

"आनि लाकडां किती जाळतत ती? मी तर सांगून ठेवलंय झिलाक, माका विजेवर घाल."

"मंग? तू पन सांगितलंस ना? मी पन सांगते." आणि झगा आईपुढे धरून म्हणाली, "बघ, आता माझी पन मुंगी चालली."

दोघी हसल्या. आई मग मोरीत जाऊन रडली.

मला आंटीने नीट समजावलं. "टाका कच्चा पायजे. मातीने हात लावला की सुटला पायजे. पेटी नको, नुसती चादर. फादरला इचारलंय, ते हो म्हनाले. माझ्या पोरीला नाय दिसायला पायजे, मला दिसलं ते."

"पण तिला सांगितलंत का, का ते?"

"का ते कसं सांगू? बापाचं सांगावं लागंल. झगा दाखवलाय. हाच घालायचा, पेटी नको, एवढंच मी बोलली. ती कानात बोटं घालते."

पुढे चाळ पाडायला घेतली. आंटी लेकीकडे वसईला गेली, आम्ही काळाचौकीला भाड्याच्या खोलीत. जाताना टेम्पोत मशीनशेजारी बसून तिने माझी बाही चोळली. कॉलेजसाठी घेतलेला नवा शर्ट होता. तिने काही विचारलं नाही, नुसती बाही सोडली. मग आमचे नंबर बदलले, आणि नंतर कधीतरी भेटू असं म्हणत राहिलो.

परवा तिच्या लेकीचा फोन आला. कोणाकोणाला विचारत तिने माझा नंबर मिळवला होता. आंटी जाऊन महिना होत आला, चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा आहे, आईला घेऊन ये, म्हणाली. मी विचारलं, त्रास झाला का. नाही, झोपेतच गेली.

"तिचं सगळं ऐकलं हां मी," ती म्हणाली. "पेटी नको बोलली होती, नाही आणली. चादरीतच ठेवली. लोक बोलले, बोलू दे. झगा पण तिचाच घातला." ती थांबली, नाक पुसल्याचा आवाज आला. "फक्त, बिचारीच्या हातून तो पुरा झाला नव्हता रे. डोळ्यांना दिसत नव्हतं ना शेवटी. सगळे कच्चेच टाके. मम्मीसारख्या शिलाईवालीला असं कसं पाठवायचं? मी तिच्याच मशीनवर बसले. आत टेरिकॉटचं अस्तर लावलं, नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिलाई मारली."

मी माझी बाही चिमटीत धरली होती.

"आता नाही उसवणार," ती म्हणाली. "बरं केलं ना रे मी?"

"हो," मी म्हटलं.