समासातला शेरा

"अहो लेले, ही मुलगी पास आहे की नापास, एवढंच सांगा," देवधर मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पास आहे. पण सॉफ्टवेअर तसं म्हणत नाही."

"सॉफ्टवेअर कोणी लिहिलं?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. स्क्रीनवर लिहिलं होतं: RESULT WITHHELD. म्हणजे निकाल राखून ठेवला आहे. हे तीनशे टेबलांचं, म्हणजे माहितीच्या तक्त्यांचं, सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आमची चार माणसांची कंपनी होती. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे बसेस भरभरून जायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या बसमध्ये आपल्याला कोणी घेणार नाही, हे ओळखून मी स्वतःची कंपनी काढली होती. पुण्यातल्या एका जुन्या, स्वायत्त कॉलेजच्या परीक्षा विभागाचं काम आमच्याकडे होतं आणि देवधर मॅडम तिथल्या परीक्षा नियंत्रक होत्या.

मुलीचं नाव प्रणिता वानखडे. यवतमाळकडची. कॉलेजने साहित्य आणि इतिहास असा एकत्र बी.ए. नव्याने सुरू केला होता. दोन्ही विषय सारख्याच वजनाने शिकायचे. पहिल्या बॅचला बारा मुलं होती. त्यांतून निवड होऊन प्रणिता एका सत्रासाठी इंग्लंडला जाऊन आली होती. एका विद्यापीठाशी कॉलेजचा तसा करार होता. तिथे तिने एक मोठा पेपर केला. वीस क्रेडिटचा. क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन, भाजीच्या वजनासारखं. पदवीसाठी दोन्ही विभागांत ठरावीक वजन भरावं लागतं. प्रणिताला दोन्हीकडे दहा-दहा कमी पडत होते. तो वीसचा पेपर निम्मा-निम्मा वाटला की पारडी सारखी.

पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका पेपरला एकच विभाग होता. तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि त्यात दोन नावं भरता येत नव्हती. तेव्हाच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटनी मला सांगितलं होतं, "लेले, एका पेपराला दोन बाप नसतात." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते प्रोग्राममध्येच घातलं. प्रणिताचा पेपर इतिहासात टाकला की साहित्यात दहा कमी. साहित्यात टाकला की इतिहासात दहा कमी. दोन्ही बाजूंनी नापास.

"तुमचं हे सॉफ्टवेअर आहे की सोवळं?" मॅडमनी विचारलं.

"मी मागून थेट डेटाबेसमध्ये दोन नोंदी करू का?"

"करा. आणि ऑडिटला काय सांगायचं, एक पेपर जुळा झाला? आधी दोन्ही विभागप्रमुखांचं पत्र आणा. आणि पूर्वीचा एखादा दाखला आणा. दाखला असेल तर मी सही करते. नसेल तर अभ्यास मंडळाची बैठक दिवाळीनंतर."

तो दिवस गुरुवार होता. सोमवारी प्रणिताला औंधच्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं, मूळ मार्कशीट घेऊन. नाहीतर पुढची बॅच. आणि पुढची बॅच कधी, ते कंपनीलाही माहीत नव्हतं.

प्रणिता बाहेर बाकावर बसली होती. मी तिला चहा पाजला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

"साहित्य आणि इतिहास शिकून कंपनीत काय करणार तू?" मी सहज विचारलं.

"युझर मॅन्युअल लिहिणार, सर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याचं पुस्तक."

"त्यासाठी साहित्य लागतं?"

"रिझल्ट का अडकला ते बघायला मी ऑफिसात तुमचं मॅन्युअल वाचलं, सर." ती थांबली. "लागतं."

मी चहा संपवला.

मग तिच्या पेपरबद्दल विचारलं. निदान आपण कुठला पेपर अडवून ठेवलाय ते तरी कळावं. इंग्लंडातल्या त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मोडी लिपीतल्या कागदांचे काही गठ्ठे पडून होते. कोणाला वाचता येत नव्हते. प्रणिताने पुण्यात हौसेने मोडी शिकून घेतली होती. त्या कागदांच्या समासात, म्हणजे कडेला सोडलेल्या जागेत, जुन्या कारकुनांनी शेरे मारले होते. 'पाहिले.' 'पुन्हा विचारावे.' 'हा गृहस्थ थापा मारतो.' तिचा सगळा पेपर त्या शेऱ्यांवर होता.

"तिथल्या मॅडम एकाच तासात दोन प्रश्न विचारायच्या," ती म्हणाली. "हे खरं आहे का? आणि हे असं का लिहिलंय? आपल्याकडे पहिला प्रश्न दुसऱ्या मजल्यावर, इतिहासात विचारतात अन् दुसरा तिसऱ्या मजल्यावर, साहित्यात. मधे जिना चढता चढता मी विसरून जाते."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिने दोन शब्द बोलून तो माझ्या हातात दिला. "बाबा आहेत. माझ्यावर विश्वास नाही बसत त्यांचा."

"साहेब," पलीकडून आवाज आला, "पोरगी नापास झाली का जी?"

"नाही हो. निकाल राखून ठेवलाय."

"म्हणजे कोन्त्या विषयात?"

"कुठल्याच नाही. दोन्ही विषयांत पास आहे, म्हणून अडकलीय."

त्यांनी 'दोन्ही विषयांत पास' हे शब्द हळूच म्हणून पाहिले. मग ते म्हणाले, "साहेब, खरं सांगा. मी रागावनार नाही. तिकडं परदेशात धाडली, थेच चुकलं का माझं?"

"उद्यापर्यंत थांबा" म्हणून मी फोन परत दिला. प्रणिता तोंड फिरवून बसली होती. घाईने बोलताना पुण्यात येऊन कमावलेली तिची भाषा तेवढ्यापुरती सुटली. "मी काहून गेली तिकडं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. इतिहासाचे निंबाळकर सर सज्जन गृहस्थ. त्यांनी पेपर आवडीने वाचला होता. "उत्कृष्ट आहे. पण लेलेसाहेब, हिने शेऱ्यांची भाषा तपासली आहे. हे साहित्यच झालं. सबनीस मॅडमचा हक्क मी कसा मारू?"

तिसऱ्या मजल्यावर साहित्याच्या सबनीस मॅडम. त्यांनीही पेपर वाचला होता. "फार सुरेख. पण कारकुनाचे शेरे हे साहित्य म्हणायचे तर उद्या मस्टरसुद्धा अभ्यासक्रमाला लावावं लागेल. हा अस्सल इतिहास आहे. सरांना सांगा, आम्ही आडवे येणार नाही."

आडवं कोणीच येत नव्हतं. 'पहले आप' मी लखनौचं ऐकून होतो, पुण्यात पहिल्यांदाच पाहिलं.

राहिला दाखला. कॉम्प्युटर आणताना कॉलेजची जुनी रजिस्टरं मीच भरून घेतली होती. त्यात मी शोध घेतला. दोन विभागांत वाटलेला पेपर: शून्य नोंदी.

"सर, तुम्ही सगळे रकाने भरले होते?" प्रणिताने विचारलं.

"सगळे. फक्त शेवटचा सोडला."

"कोणता?"

"शेरा."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी बायको सुनंदा, मंडईतून कोथिंबिरीऐवजी पुदिना आणल्यावर बघते, तशीच.

"अगं, कोणाला वाचताच येत नव्हतं. बाकीचे रकाने इंग्रजीत, शेरा मात्र जुने लोक मोडीत लिहायचे. रकाना अर्धा रिकामा, अर्धा गिचमिड. मला वाटलं, उपयोगाचं काही नसणार."

रेकॉर्ड रूमची किल्ली शिंदेमामांकडे होती. ते निवृत्तीला आलेले शिपाई. "रजिस्टरं? साहेब, तुमीच म्हनला होता, आता यांचं काम संपलं."

"म्हणालो होतो, मामा."

"मग?"

"मग चुकलं."

"बरं झालं, रद्दीत नाय घातली," म्हणून त्यांनी कुलूप काढलं.

प्रणिता जमिनीवर बसली आणि मांडीवर रजिस्टर घेतलं. मी धूळ झटकायचं काम पत्करलं. तेवढीच माझी पात्रता उरली होती. ती शेवटच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत होती आणि मधूनच हसत होती. 'फी माफ. वडील वारले.' 'हुशार, परंतु येत नाही.' 'येतो, परंतु.' यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. पंधरा हजार विद्यार्थी मी कॉम्प्युटरमध्ये भरले होते. त्यांतलं एकही माणूस मला माहीत नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. शिंदेमामांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली. तिने ती डाव्या हातात धरली, उजवं बोट चालूच.

चौथ्या रजिस्टरात तिचं बोट थांबलं. तिथला शेरा रकान्यात न मावता कडेच्या समासात उतरला होता.

"सर," ती हळूच म्हणाली आणि वाचू लागली. "सदरहू विद्यार्थी मुंबईस एक सत्र शिकून आला. तेथील पेपर संस्कृत व तत्त्वज्ञान उभयतांस लागू धरावा. निम्मे निम्मे वाटून द्यावे. दोहोंकडील गुरुजनांनी त्यावरून तंटा करू नये."

खाली तेव्हाच्या प्राचार्यांची सही होती.

"पुन्हा वाच," शिंदेमामा म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. "शेवटचं वाक्य लई भारी हाय," मामा म्हणाले.

आम्ही ते रजिस्टर दोघांनी धरून देवधर मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचून घेतलं. मोडी येणारी दुसरी एक बाई बोलावून पडताळून, देवनागरीत उतरवूनही घेतलं.

"मुंबईला शिकून आला होता," मी म्हणालो. "तेव्हा पुणेकरांना मुंबई म्हणजे परदेशच."

"तेव्हा?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही विभागप्रमुखांना खाली बोलावलं.

निंबाळकर सरांनी शेरा वाचून लगेच सही केली. "हा इतिहास आहे," ते म्हणाले. सबनीस मॅडमनी चष्मा लावला, 'तंटा करू नये' वर जरा थांबल्या, आणि हसल्या. "समासातच लिहिलंय. बरोबरच आहे. हा द्वंद्व समास आहे, सर. दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची. शाळेत शिकवतो आपण, आणि इथे विसरतो." त्यांनीही सही केली.

माझं काम दोन तासांचं होतं. एका पेपराला दोन विभाग लावायची सोय केली. शनिवारी दुपारी मार्कशीट छापून आली. प्रणिताने ती हातात घेऊन आधी फोन लावला.

"बाबा, निकाल निघाला." मग फोन माझ्याकडे.

"साहेब, किती विषयांत पास?"

"दोन्ही."

"पहिल्यापासून होती ना जी?"

"पहिल्यापासून होती. चूक माझी होती."

"असू द्या जी," ते म्हणाले. "चूक सगळ्यांची होते." नापास न झालेल्या मुलीच्या बापाने दोन दिवस झोप घालवून मला माफ केलं. आम्ही त्या कॉलेजला नंतर कधी दुरुस्तीचं बिल लावलं नाही.

त्याच आठवड्यात मी सॉफ्टवेअरमध्ये 'शेरा' नावाचा रकाना घातला. दोनशे अक्षरांचा, सक्ती नसलेला. घरी सुनंदाला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, तुमच्याकडे शेऱ्याला जागा नाही हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणून तर मी तोंडी देते."

धंद्यात मी एवढंच शिकलो: जो रकाना कोणालाच वाचता येत नाही, तो काढून टाकण्याआधी वाचता येणारं माणूस शोधावं. ते बहुधा बाहेर बाकावरच बसलेलं असतं.

जाताना प्रणिताने माझं मॅन्युअल मागून नेलं होतं, "सुधारून देते" म्हणून. महिन्याभराने ते कुरिअरने परत आलं. पान चौदावर, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सर, हे सगळं खरं आहे. पण असं का लिहिलंय?'

म्हणजे इतिहासात पास, साहित्यात नापास. माझा निकाल अजून राखून ठेवलेला आहे.